कुंदाताईंच्या गाडीचा ढेकर

आमच्या शेजारच्या कुंदाताई भेटल्यावर ‘कसा आहेस?’ विचारत नाहीत. ‘गाडी काय म्हणते?’ विचारतात. माझ्याकडे गाडी नाही म्हटल्यावर त्यांनी पाठीवरून असा हात फिरवला, की घरात कोणी गेलंय की काय, असं वाटलं.

डोंबिवलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लाल टर्बो गाडी घेतली. आणि एक दिवस त्यांना शोध लागला, की इंजिनातली तेलकट वाफ एका नळीतून परत इंजिनातच जाते.

“म्हणजे बिचारी स्वतःचाच ढेकर गिळते रे!” त्या कळवळून म्हणाल्या.

यावर उपाय म्हणजे कॅच कॅन. लोटीएवढा अॅल्युमिनियमचा डबा. वाफ त्यातून जाते, तेल तळाशी साचतं. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नव्हता, म्हणून रविवारी सकाळी ताई प्रयोगशाळेतला जुना अॅप्रन घालून पार्किंगमध्ये उतरल्या. मी बॅटरीचा उजेड धरायला गेलेलो.

बॉनेट उघडं दिसल्यावर अख्खी सोसायटी जमली. सेक्रेटरी सावंत म्हणाले, “ताई, असलं काही बसवायला परवानगी लागते.”

“तुमच्या घोरण्याला कोणी दिली? मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं.”

जुनी नळी निघाली, डबा बसला, दोन नव्या नळ्या जोडल्या. गाडी सुरू केली, तर आतून हिस्स्स! कोणीतरी ओरडलं, “साप!” दोघं जण जिन्यात पळाले. ताईंनी उरलेल्या नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं इंजिनावर फिरवलं.

“सावंत, श्वास रोखा!”

सावंतांनी खरंच रोखला. शेवटी नळी आवळणारा एक क्लॅम्प ढिला सापडला. ताईंनी पाना फिरवला, आवाज बंद झाला. टाळ्या पडल्या. सावंतांनी श्वास सोडला.

“चल, ठाण्याला माजिवड्यापर्यंत जाऊन येऊ,” ताई मला म्हणाल्या.

मी पुढचं दार उघडलं. सीटवर शोरूममधलं प्लॅस्टिक तसंच होतं.

“गाडी नवीन आहे?” मी विचारलं.

“दोन वर्षं झाली.” त्या क्षणभर सीटकडे बघत राहिल्या. “या बाजूला कोणी बसलंच नाही अजून.”

मग कटर घेऊन त्यांनी स्वतः ते प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि सीटवर हात फिरवून म्हणाल्या, “बस.”

माणकोलीचा पूल मागे पडला. ताई इंजिनाबद्दल बोलतच होत्या. माजिवडा आल्यावर मात्र त्यांनी गाडी हळू केली.

“घरी वाट बघत असतील ना तुझी?”

घरून दोन फोन येऊन गेलेले.

“छे,” मी म्हटलं, “रविवारच तर आहे.”

त्यांनी इंडिकेटर दिला, आणि गाडी घराकडे न फिरवता पुढे घोडबंदरकडे वळवली.