वाक्य चालवून बघणारे घरतभाऊ

संध्याकाळी नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर घरतभाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हवेत क्रेन चालवत. डोळे मिटलेले आणि दोन्ही हात न दिसणारे दांडे हलवणारे. समोर कर्नाळ्याचा सुळका निळा होत जाई, आणि मुलांनो, मला खरंच वाटे, भाऊ आता तो अलगद उचलून पलीकडे मांडून ठेवतील.

भाऊ उरणकडचे, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे. जहाजावरचे कंटेनर उतरवणाऱ्या उंच क्रेनवर उभा जन्म काढून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची कंपनी नव्या चालकांसाठी प्रशिक्षणाचं पुस्तक करत होती. ते लिहिणारी सायली प्रत्येक धडा भाऊंना दाखवायला येई. ते ‘ठीक’ म्हणेपर्यंत छपाई नाही. मी मराठीची शिक्षिका, म्हणून भाषा तपासायला तिनं मलाही धरून ठेवलं.

भाऊ धडा वाचत नसत, चालवून बघत. मी वाक्य मोठ्यानं वाचायचं, त्यांनी हात हलवायचे आणि मध्येच थबकायचं.

“आपटला!”

“काय आपटलं, काका?” सायली विचारी.

“डबा. तुज्या वाक्यानं.” कंटेनरला ते डबाच म्हणत.

“मग काय लिहू?”

“बरोबर लिव.”

आठवडाभर हेच चाललं. सायली रडकुंडीला आली. शेवटी मी म्हटलं, “भाऊ, निबंधावर नुसत्या फुल्या मारल्या असत्या ना, तर शाळेनं मला घरी बसवलं असतं. काय चुकलं, का चुकलं आणि त्याऐवजी काय करायचं, तेही सांगा की!”

“बाई, हाताला म्हाईत हाय. तोंडाला नाय.”

मग सायलीनंच शक्कल काढली. त्यांना उठवून ती स्वतः खुर्चीत बसली. “मी नवीन ऑपरेटर. तुम्ही शिकवू नका, फक्त माझ्या चुका पकडा.” तिनं हवेतला दांडा खसकन ओढला.

“अगं गो! पाळना असा हलवशील तर पोर उडंल!” भाऊ कडाडले. “डबा झुलतोय. थांबू नको, झोक्याच्या मागं जा, बरोबर त्याच्या डोक्यावर ये, मंग टेकव!”

मी भराभर उतरवून घेतलं. असे सगळे धडे झाले. सायली चुकत गेली, भाऊ ओरडत गेले आणि गच्चीवरून नसलेली जहाजं रिकामी होत गेली.

अडलं ते एका वाक्यावर. ‘काम नसताना केबिनच्या काचेच्या तळातून खाली पाहू नये.’ भाऊ त्याला ‘ठीक’ म्हणेनात.

“काका, सोमवारी नवी मुलं वर चढणार,” सायली वैतागून म्हणाली. “पुस्तक झालं नाही, तर तशीच चढतील. ह्यात काय आपटलं?”

भाऊंचे हात मांडीवर पडून होते. ते म्हणाले, “खोडून टाक. बघनारच तो. मी पन बघितलं.”

सायलीनं वाक्यावर रेघ मारली.

“पाय कापायचे माजे. रोज. शेवटच्या दिवशी पन. हिला सुदा कधी सांगितलं नाय.” त्यांची बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. “वरती मानूस एकटाच असतो, बाई. कुनाला सांगनार?”

सायलीनं हळूच विचारलं, “मग त्याऐवजी काय लिहू?”

“लिव, भीती वाटेल. वाटली तर चढायच्या आदी सांगा.”

“कुणाला?”

भाऊंनी एकेक आकडा सावकाश उच्चारत स्वतःचा मोबाइल नंबर सांगितला. कंपनीच्या साहेबांशी वाद घालून सायलीनं तो छापून घेतला.

त्यानंतर भाऊ गच्चीवर येताना फोन आणू लागले. कठड्यावर ठेवत आणि त्याच्याकडे बघत नसल्यासारखं करत. मीही बघत नसे.

एका संध्याकाळी तो वाजला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. भाऊंनी उभं राहून सगळं ऐकून घेतलं.

“बस तितंच पायरीवर,” ते म्हणाले. “घाई नाय. मी हाय.”