चार पावलं अलीकडे

माझ्या ऑफिसातले धामणकर कुठल्याही उंच जागेच्या टोकावर पाय ठेवत नाहीत. नेदरलँड्समध्ये, आमच्या आइंडहोवनच्या घरी ते बल्ब बदलायला शिडीवर चढले, तेव्हा सर्वांत वरची पायरी मोकळी ठेवून टाचा उंचावून हात ताणत राहिले.

"अहो भाऊजी, अजून एक पायरी आहे!" बायको खालून ओरडली.

"ती आपली नाही, वहिनी."

हे सगळं खूळ कांचनजंगामुळे. जगातलं तिसरं उंच शिखर. १९५५ साली दोन ब्रिटिश गिर्यारोहक तिथे पहिल्यांदा पोचले आणि माथ्याच्या जरा अलीकडेच थांबले. माथा देवाचा, तिथे पाऊल टाकणार नाही, असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिलेला होता. "वर बघायला कोण होतं हो? तरी पाळला!" हे वाक्य धामणकर ऑफिसच्या मीटिंगमध्येही टाकतात, मग विषय चिपच्या मशीनचा का असेना. स्वतः ते सिंहगडापलीकडे काही चढलेले नाहीत.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात त्या चढाईला पन्नास वर्षं झाली. धामणकरांनी ऑफिसात डबाभर शिरा आणला. "कोणाचा वाढदिवस?" डच मंडळींनी विचारलं. "कांचनजंगाचा." इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी रांगेने हात मिळवून त्यांचं अभिनंदन केलं आणि त्यांनीही ते डोंगराच्या वतीने स्वीकारलं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी त्यांना या देशातल्या सर्वांत उंच ठिकाणी नेलं. ते मास्ट्रिख्टच्या पलीकडे आहे. उंच कसलं, आपली पर्वती परवडली! वर एक दगडी खांब. लोक त्याला मिठ्या मारून फोटो काढत होते. धामणकर चार पावलं अलीकडे थांबले आणि त्यांनी हात जोडले.

"अंकल, इट्स जस्ट अ हिल!" माझा मुलगा म्हणाला.

परतताना त्यांनी मास्ट्रिख्टच्या एका गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली आणि ते खाली उतरले. त्यांची मुलगी जुई तिथे राहते. ती एका डच मुलाबरोबर राहायला गेली, तेव्हा हे नको नको ते बोलले होते. "मी बोलवेपर्यंत येऊ नका, बाबा," ती म्हणाली, आणि हे "बरं" म्हणाले. त्याला आता दुसरा हिवाळा लागला होता.

"समोर तर दार आहे. जा ना!" मी म्हणालो.

"बरं म्हणालोय मी तिला."

मला त्या मुलीचा राग आला, त्यांचाही आला. एवढ्यात दार उघडलं. जुई बाहेर आली, सायकलचं कुलूप काढू लागली. मला वाटलं, आता हाक मारतील. धामणकर चटकन गाडीच्या आड सरकले. ती पलीकडच्या बाजूला वळून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि मग गाडीत येऊन बसले.

मी गाडी सुरू केली.

"केस कापलेत तिने," ते म्हणाले. "सायकलवर मानेला गार लागत असेल हो."