श्री. सोन्या यांचा मेंढा

बासष्ट प्रमाणपत्रं मी चार मिनिटांत छापते! पटत नसेल त्यांनी सोलापुरात नवी पेठेत यावं. साड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमच्या मेंढपाळ मंडळाचं ऑफिस आहे. काव्या कोण, एवढंच विचारा!

आमचे शिवयोगी काका पंचवीस वर्षं ही प्रमाणपत्रं शाईच्या पेनानं लिहीत आले. अक्षर असं, की लग्नपत्रिकेनं मान खाली घालावी! पण तीन दिवस लागायचे. मग मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एकदा शिकवून ठेवलेलं काम. मजकूर त्याला पाठ असतो, बदलतं तेवढं आपण कंसातून त्याच्या हातात द्यायचं. पहिलं नाव मालकाचं, दुसरं मेंढ्याचं, मग वजन, मग दात, शेवटी क्रमांक. त्याला माणूस आणि मेंढा यातला फरक कळत नाही. त्याला फक्त क्रम कळतो.

सांगोल्याच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी परीक्षकांचा निकाल हातात आला, तेव्हा आमचे सचिव महेश्वर सर म्हणाले, "काव्या, मान मेंढ्याचा. त्याचं नाव आधी आलं पाहिजे."

"एका सेकंदाचं काम, सर!"

मी मॅक्रोच्या कंसात मेंढा पुढं आणला, मालक मागं ढकलला. बटण दाबलं. बासष्ट कागद भराभर बाहेर पडले.

"एकदा वाचून तरी बघ गं," काका म्हणाले.

"काका, तुम्ही फिती बांधा."

त्यांनी बिचाऱ्यांनी बासष्ट लाल फिती बांधल्या.

दुपारी मैदान खच्चून भरलेलं. पहिला नंबर आला कुंडलिक गेजग्यांच्या सोन्या मेंढ्याचा. काय तो मेंढा! नाक पोपटासारखं, चाल पाटलासारखी! कुंडलिकमामा मात्र अंगानं काडी. गुलाबी पटका बांधून, सोन्याचा कासरा धरून स्टेजवर उभे. काकांनी फीत सोडली आणि माइकवर खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"प्रमाणित करण्यात येते की, श्री. सोन्या यांनी जोपासलेला कुंडलिक हा मेंढा..."

काका थांबले. पण पंचवीस वर्षांची सवय, हातातला कागद पुरा केल्याशिवाय त्यांना राहवेना!

"...वजन ब्याण्णव किलो, दात सहा, अंगानं धष्टपुष्ट, नाकानं बाकदार आणि पैदाशीस उत्तम असून, प्रथम क्रमांकास पात्र आहे."

मग बायकांच्या घोळक्यातून मामांच्या बायकोचा, बजाबाईंचा आवाज आला.

"दात चारच ऱ्हायलेत की वो!"

मग जे हसू फुटलं! मंडपाचा एक खांब हलला, मी स्वतः पाहिलं! महेश्वर सर माझ्याकडे असे बघत होते, जणू पुढचा मेंढा मीच.

मला तेव्हाच कळलं होतं. मॅक्रो जिथं नावं घेतो, त्या कंसात मी क्रम बदलला होता. जिथून त्याला नावं देते, तिथं बदलायचा राहिला होता. पण कबूल करीन तर काव्या कसली!

"मॅक्रो बरोबर आहे," मी ताठ मानेनं म्हणाले. "नावं उलटी पोचली."

"उलटी पाठवली कुणी?" सर.

"ते नंतर बघू. लॅपटॉप, प्रिंटर गाडीत आहे. दहा मिनिटं द्या!"

"हातानं लिहितो की," काका म्हणाले.

"अजिबात नाही!"

नवव्या मिनिटाला बासष्ट बिनचूक कागद घेऊन मी स्टेजवर हजर. पण तोवर लोकांनी जुने वाटून घेतले होते!

"मामा, तो कागद द्या. हा बरोबर आहे."

कुंडलिकमामांनी कागद छातीशी धरला. "न्हाय देत."

"अहो, त्यात तुम्हाला मेंढा केलंय!"

"असू दे की. आजपातूर मला छापील कागदावर धष्टपुष्ट कुणी म्हनलंय का? साठ वर्सं झाली, आमचा पयला नंबर कुटंच आला न्हाय. पोरी, तू आनलास!"

"आन पैदाशीचं खोटं हाय व्हय?" बजाबाई कडाडल्या. "चार पोरं हितं हुबी हायत!"

मागून बाकीचे ओरडले, "आमी बी देत न्हाय!" दुसऱ्या नंबरचे जोतिराम तर माझ्याशी भांडायलाच आले. त्यांच्या कागदावर वजन कमी पडलं होतं म्हणे!

सोमवारी मंडळाची बैठक झाली. मी राजीनाम्याच्या तयारीनं गेले होते. म्हणजे सरांच्या! पण ठराव एकमतानं झाला: इथून पुढं प्रमाणपत्रं याच पद्धतीनं द्यावीत, पशुपालकांत मोठा उत्साह दिसून आला आहे.

"ही कल्पना कुणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. शिवयोगी काकांना जोराचा ठसका लागला.

आता तो मॅक्रो मला मुद्दाम चुकीचा सांभाळावा लागतो. उद्या कुणी शहाणा येऊन सुधारेल म्हणून त्याच्या डोक्यावर मी एक ओळ लिहून ठेवली आहे: "क्रम चुकीचा आहे. कृपया दुरुस्त करू नये."

खाली माझं नाव मात्र घातलेलं नाही.