लॉरेटा पुखाल्स्कीचा एकुलता एक वाचक

कोणत्याही कलेची भरभराट मोजायची झाली, तर तिच्यात निर्माण करणारे किती आणि आयतं चाखणारे किती हे पाहावं. या कसोटीला लावलं तर अमेरिकेतली अद्भुतकविता ही आज जगातली सर्वांत प्रगत कला ठरते. (अद्भुतकविता म्हणजे जिच्यात निदान एक यंत्रमानव, एक परग्रह किंवा चांदणं होऊन परत आलेली मयत बायको असते, ती.) या क्षेत्रात निर्मात्यांचं प्रमाण शंभर टक्के आहे. वाचक नावाचा आळशी वर्ग इथून समूळ नाहीसा झालेला आहे. देवीच्या रोगानंतर इतकं स्वच्छ निर्मूलन दुसऱ्या कशाचं झाल्याचं ऐकिवात नाही.

विस्कॉन्सिनात या कलेचं पालनपोषण ‘उत्तर सरोवर अद्भुतकवी मंडळ’ करतं. मंडळाचा कारभार आदर्श म्हणावा असा आहे. अमुक कवी तमुक कवीची कविता आपल्या मासिकात छापतो. तमुक कवी अमुकला पारितोषिकासाठी सुचवतो. तिसरा दोघांचं मनापासून अभिनंदन करतो आणि त्याच ओघात आपलं नवं पुस्तक कुठं मिळेल तेही सांगून टाकतो. मानधन म्हणून कवीला अंकाची प्रत मिळते. ती तो एकदाच उघडतो, आपलं नाव नीट छापलंय ना ते बघायला. पुखाल्स्कीतला ‘ख’ गळला नसेल तर अंक उत्तम निघाला असं समजतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण एकच होती, आणि तीही मंडळाच्या संस्थापकांनी करून ठेवलेली. माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आला होता त्या भरात त्यांनी ‘ध्रुवतारा सन्मान’ नावाचा सर्वोच्च किताब काढला आणि घटनेत एक कलम घातलं: किताब अशाच कवीला द्यावा, ज्याच्यासाठी एक तरी वाचक सर्वसाधारण सभेपुढे उभा राहून शपथ घेईल की मी याचं पुस्तक आपखुशीनं वाचलं आहे, मी याचा नातेवाईक नाही, आणि मी स्वतः कविता लिहीत नाही. (नवरे आणि बायका यांना आधीच वगळलं होतं. तशी विनंती त्यांनीच केली होती.) तेव्हापासून अक्रोडाच्या लाकडाची ती ढाल अध्यक्ष डेस्मंड ओव्हरगार्ड यांच्या तळघरात वॉशिंग मशीनशेजारी उभी आहे. अध्यक्ष तिला दर नाताळात पुसतात.

ती ढाल लॉरेटा पुखाल्स्कीला हवी होती.

लॉरेटा ओ क्लेअर शहराच्या पाणीखात्यात फोन घ्यायची. ‘यंदा बिल एवढं कसं आलं?’ हा प्रश्न तिनं सव्वीस वर्षं ऐकला होता आणि ‘नळ गळतोय का बघा’ हे उत्तर सव्वीस वर्षं दिलं होतं. उरलेल्या वेळात ती कवी होती. तिच्या चारशेच्या वर कविता छापून आल्या होत्या, आणि बहुतेक कवितांपेक्षा त्यांच्याखालचा कविपरिचय दोन ओळींनी मोठा असायचा. परिचयात नवरा व्हर्न आणि दोन मांजरं यांचा उल्लेख असे. खरं तर एक मांजर केव्हाच वारलं होतं. पण या क्षेत्रात दोनांहून कमी मांजरं असलेल्या कवीकडे संपादक जरा संशयानं बघतात, म्हणून तिनं ते जिवंत ठेवलं होतं.

तिच्या ‘धूमकेतूची बायको’ या संग्रहाला तीन पारितोषिकं होती आणि त्यावर अकरा परीक्षणं आली होती. अकराही परीक्षकांनी आपापले संग्रह तिला परीक्षणासाठी पाठवले होते. हे असंच असतं हे तिला कळत होतं. पण कधीमधी भांडी घासता घासता तिच्या मनात यायचं की या सबंध देशात एखादा माणूस असा असावा, जो आपली कविता वाचेल, पुस्तक मिटेल आणि म्हणेल, ‘बरं.’ आणि त्यापुढे ‘आता माझी ऐकता का?’ म्हणणार नाही.

तिनं कमी शोध घेतला नव्हता. पोस्टमननं पुस्तक आवडीनं नेलं आणि चार दिवसांत मानवलांडग्यांवर हायकू आणून दिले. दाताच्या डॉक्टरनं दाढ भरताना तिची तोंडभरून स्तुती केली आणि तिच्या तोंडात कापूस असताना स्वतःची बत्तीस ओळींची कविता म्हणून दाखवली. लॉरेटा ‘नको’ म्हणाली, पण ते कापसातून ‘वा’सारखं ऐकू आलं.

अशात मॅडिसनच्या एका हॉटेलात वार्षिक मेळावा भरला. परंपरेप्रमाणे काव्यवाचन रविवारी सकाळी नऊला, पॅनकेकच्या फुकट न्याहारीच्या वेळेला होतं. व्यासपीठावर पाच कवी होते. श्रोत्यांत तेच पाच, आळीपाळीनं. आणि मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेला एक रुंद माणूस.

लॉरेटानं धूमकेतूच्या बायकोची कविता वाचली. बाकीचे चौघे आपापले कागद चाळत योग्य ठिकाणी ‘हं’ म्हणाले. कार्यक्रम संपला तसे सगळे पॅनकेककडे पळाले. तो माणूस तिथंच बसून होता.

“तुम्ही कुठल्या मासिकाचे?” लॉरेटानं विचारलं.

“मी गॅरेजच्या दारांचा,” तो म्हणाला. “ड्वाइट क्लिंगबाइल, चिपेवा फॉल्स. आमच्या धंदेवाल्यांची परिषद शेजारच्या दालनात आहे. मी चुकून इकडं शिरलो. तिकडं स्प्रिंगांवर भाषण चाललंय, म्हटलं इथंच बसू.”

“म्हणजे तुम्ही लिहीत नाही?”

“बिलं लिहितो. का हो?”

लॉरेटानं शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली.

“एक विचारू का बाई?” ड्वाइट टोपी फिरवत म्हणाला. “ती जी धूमकेतूची बायको आहे ना… तिचा नवरा परत येतो का?”

चारशे कविता, अकरा परीक्षणं. पण हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. परीक्षकांनी कवितेतला अवकाश, कवितेतला अभाव आणि कवितेतल्या अभावाचा अवकाश यांवर लिहिलं होतं. बाईचा नवरा येतो की नाही याची चौकशी कोणीच केली नव्हती.

“शहात्तर वर्षांनी येतो,” ती म्हणाली.

“मग तिनं दार चांगलं बसवून घ्यायला हवं,” ड्वाइट म्हणाला. “शहात्तर वर्षं लाकडी दार टिकत नाही. फुगतं.”

इतका पवित्र अभिप्राय अद्भुतकवितेच्या इतिहासात कोणी दिलेला नाही.

लॉरेटानं पुस्तक दिलं. ड्वाइटनं ते खरंच वाचलं. (पुरावा: सत्तेचाळिसाव्या पानावर मोहरीच्या सॉसचा डाग.) मग ती त्याला दर शुक्रवारी जेवायला बोलावू लागली. तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा पाव आणि एक कविता असा बेत असे. ऑक्टोबरात सर्वसाधारण सभा होती. तिथं ड्वाइटनं उभं राहून तीन वाक्यं बोलायची, की ढाल तळघरातून थेट पुखाल्स्कींच्या दिवाणखान्यात. तोवर माणूस निरोगी ठेवायचा एवढंच काम होतं. तो यायच्या आधी लॉरेटा टेबलावरची पेनं उचलून ठेवायची.

“हा माणूस दर शुक्रवारी का येतो?” व्हर्ननं एकदा विचारलंच.

“तो वाचक आहे, व्हर्न.”

“बरं, पण करतो काय?”

“वाचतो.”

“आणि त्याचं पोट तू भरतेस. बर्फ मी उपसायचा, छपराची पन्हाळी मी साफ करायची, आणि मासा वाचकाला.”

“तू वाच मग माझं.”

“मी बर्फ उपसतो,” व्हर्न घाईघाईनं म्हणाला. “आणखी एक तुकडा वाढ त्याला.”

पण अशी गोष्ट लपत नाही. चिपेवा फॉल्सला जिवंत वाचक आहे ही बातमी मंडळात पसरली आणि ड्वाइटच्या धंद्याला अभूतपूर्व तेजी आली. ज्या कवींना गॅरेज नव्हतं, ज्यांना गाडी नव्हती, जे सहाव्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, त्यांनीही दारांची चौकशी केली आणि जाताना काउंटरवर एकेक पुस्तक विसरून गेले. स्वतः अध्यक्ष ओव्हरगार्ड तीन महाकाव्यं आणि एक नादुरुस्त बिजागरी घेऊन जाऊन आले. ड्वाइट भला माणूस. विसरलेली वस्तू परत करायच्या आधी तो ती नीट बघून घ्यायचा.

सप्टेंबरच्या एका शुक्रवारी मासा खाता खाता तो म्हणाला, “आज सकाळी आभाळ अगदी नव्या पत्र्यासारखं होतं.”

लॉरेटाच्या हातातला काटा खाली पडला.

“‘सारखं’ म्हणालास?” व्हर्न म्हणाला.

“हो. पत्र्यासारखं. कोणी अजून हात न लावलेल्या.”

व्हर्नसुद्धा खायचा थांबला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं ही लक्षणं जवळून पाहिली होती. “लॉरेटा,” तो हळूच म्हणाला, “याला घरी पाठव. टीव्ही बघायला सांग.”

पुढचे चार आठवडे लॉरेटानं त्याला कवितेऐवजी पाणीखात्याचे नियम वाचून दाखवले. ते त्याला जरा दुःखद वाटले.

ऑक्टोबरात सभा भरली. ओव्हरगार्डनी ढाल तळघरातून आणून हिरव्या कापडावर ठेवली होती. साबणाचा मंद वास येत होता. ड्वाइट कोट घालून पुढे आला.

“मी हे पुस्तक आपखुशीनं वाचलं आहे,” तो म्हणाला. सभागृहात कोणीतरी हुंदका दिला.

“मी लॉरेटाबाईंचा नातेवाईक नाही.” व्हर्ननं मान डोलावून दुजोरा दिला.

“आणि मी स्वतः कविता…”

ड्वाइट थांबला. त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. लॉरेटानं डोळे मिटले.

“एकच आहे हो,” ड्वाइट म्हणाला. “लहानशी.”

सभागृह उठलं. राग कोणालाच आला नव्हता. पण कविता आपली नव्हती आणि बाहेर कॉफी होती. दीड मिनिटात खुर्च्या रिकाम्या झाल्या. शपथा, कलमं आणि शुक्रवारचे सगळे मासे वाया गेले होते. लॉरेटाही उठली होती. पण समोर तो रुंद माणूस घडी घातलेला कागद धरून उभा होता, आणि कागद थरथरत होता. असा कागद तिनं बघितला होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातात.

ती परत बसली. “वाचा, ड्वाइट.”

कविता एका दारावर होती. मंगळावर ते एकटंच उभं असतं, त्याच्यामागे घर नसतं, आणि वारा आला की ते कोणासाठी तरी आपोआप उघडतं. कविता बरी नव्हती. यमक तर स्प्रिंग तुटल्यासारखं आदळत होतं. लॉरेटानं पुस्तक मिटल्यासारखे हात मिटले आणि विचारलं, “मग? येतं का कोणी?”

ड्वाइटचा चेहरा असा झाला, की दारात उभ्या असलेल्या ओव्हरगार्डनी कप खाली ठेवला.

अध्यक्ष कायदेपंडित होते. त्यांनी तिथल्या तिथं निर्णय दिला: लॉरेटाबाईंनी कविता आपखुशीनं ऐकली आहे, त्या कवीच्या नातेवाईक नाहीत, आता त्या लिहिणं कायमचं सोडत असतील, तर श्री. क्लिंगबाइल हे मंडळाच्या इतिहासातले शपथेवर वाचक असलेले पहिले कवी ठरतात. एका कवितेवर ध्रुवतारा मिळू नये असं घटनेत कुठंही म्हटलेलं नाही.

“लिहिणं सोडशील?” व्हर्ननं विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती हे नाकारता येणार नाही.

लॉरेटानं ढालीकडे बघितलं, मग ड्वाइटकडे. “सोडलं,” ती म्हणाली.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत लॉरेटा पुखाल्स्कीला जो मानमरातब मिळाला तो कोणा कवीला स्वप्नातही मिळालेला नाही. प्रत्येक काव्यवाचनाला तिला गाडी पाठवली जाई. पॅनकेक खोलीवर येत. कवी तिच्यासाठी दारं उघडत, छत्र्या धरत, तिच्या मेलेल्या मांजराचीसुद्धा खुशाली विचारत. व्हर्नला बर्फ उपसावा लागला नाही. सहा अद्भुतकवी पहाटेच फावडी घेऊन हजर असायचे. आणि दर शुक्रवारी ड्वाइट आता स्वतःचा मासा आणि स्वतःची कविता घेऊन यायचा. लॉरेटा ऐकायची, ‘बरं’ म्हणायची, आणि मग तिला जे विचारायचं असेल ते विचारायची. ड्वाइटइतका सुखी माणूस तालुक्यात नव्हता.

एप्रिलात त्यानं पंचविसावी कविता वाचली. चौथ्या ओळीत मंगळावरच्या दाराला तांबडी धूळ लागते.

लॉरेटानं ताटली बाजूला सारली.

“काय झालं बाई? आवडली नाही?”

“आवडली,” ती म्हणाली. “पण ड्वाइट… मी तिथं ‘गंज’ घातला असता.”

व्हर्ननं काटा खाली ठेवला, तो उठला आणि बर्फाचं फावडं कुठं ठेवलंय ते बघायला गेला.

लॉरेटानं त्याच संध्याकाळी अध्यक्षांना फोन करून प्रामाणिकपणे कळवलं. मन फार मोठं लागतं त्याला. ओव्हरगार्डनी ड्वाइटकडची ढाल पुन्हा वॉशिंग मशीनशेजारी नेली. लॉरेटानं रात्री चार कविता केल्या आणि परिचयात आणखी एक मांजर वाढवलं. रडवेला झाला तो फक्त ड्वाइट. “मग आता माझं कोण वाचणार?” असं तो दारातून दोनदा विचारून गेला, आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

तेव्हा जागा रिकामी आहे. मासा, पॅनकेक आणि बर्फ उपसायला सहा माणसं मिळतील. शिक्षणाची, वयाची, भाषेची अट नाही. अद्भुतकविता कळण्याची तर मुळीच नाही. अट एवढीच, की आपण ही गोष्ट इथपर्यंत वाचत आला असाल आणि वाचताना एकदाही, एका ओळीपुरतंही, ‘हे मी याहून बरं लिहिलं असतं’ असं मनात आलं नसेल.

आलं असेल तर मंडळात आपलं स्वागत आहे. मांजरं किती, तेवढं कळवा.