म्हात्रेबाई आणि नऊ नंबरचं मशीन

एक गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. ती सांगायची तर आधी म्हात्रेबाई सांगाव्या लागतील, आणि म्हात्रेबाई बघायच्या तर सकाळी साडेसातला कोपरखैरण्यात, आमच्या टायपिंग क्लासात यावं लागेल.

त्या वेळी बाई कॉम्प्युटर मारायचा प्रयत्न करत असतात. एक नंबरच्या मशीनपासून सुरुवात. डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल आणि ऑल्टवर, उजव्या हाताचं एक बॅकस्पेसवर. तिन्ही बटणं एकदम दाबायची आणि डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहायचं. काही झालं नाही की म्हणायचं, "जित्ता हाय." मग बॅकस्पेसऐवजी डिलीट. "जित्ता हाय." असं बाराही मशीनांचं होतं. मग दाराशी खोळंबलेल्या मुलींना आत घेतात. "या. कोन मरत नाय."

नव्या मुलींना ही कसली तरी पूजा वाटते. एकीनं चपला बाहेर काढून हात जोडले होते.

बाई इथल्याच, खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. मिठागरावर वाढल्या, शिक्षण सातवी. जमीन नवी मुंबईत गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर चार मजले चढले. शेजारच्यांनी तळमजले हार्डवेअरवाल्यांना दिले, बाईंनी क्लास काढला. लग्नाआधी कुठल्याशा कचेरीत त्यांनी टाइपरायटर ऐकला होता आणि तो आवाज डोक्यातून गेला नव्हता. वर भाड्यानं राहणाऱ्या एका इंजिनिअरांनी कुठल्याशा ऑफिसातून निघालेली जुनी मशीनं आणून त्यात विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं आणि बाईंना शिकवलं. आज बाई लिनक्सबद्दल माहेरच्या माणसासारखं बोलतात. म्हणजे शिव्या त्याच देणार, दुसऱ्यानं द्यायच्या नाहीत.

त्याची एक खोड मात्र त्यांना सहन होत नव्हती. कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबलं की समोर उघडलेलं सगळं एका झटक्यात बंद होतं आणि पुन्हा नाव-पासवर्डची चौकट येते. अडकून पडलेल्या मशीनला सोडवायला ही सोय बरी आहे. आमच्या क्लासात तो फास होता. कारण आमच्या कीबोर्डच्या मराठी मांडणीत क्वचित लागणारी अक्षरं कंट्रोल आणि ऑल्ट धरून काढावी लागतात. अक्षर चुकलं की घाईत डावा हात तसाच राहतो आणि उजवा खोडायला बॅकस्पेसवर जातो. इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या हातून हे कधी होणार नाही. आमच्या मुलींच्या हातून आठवड्याला एकदा तरी व्हायचं.

"न इचारता बंद?" बाई म्हणायच्या. "आमी भाडेकरूला पन म्हयनाभर आधी सांगतो."

यातून बाईंचं एक तत्त्वज्ञानच तयार झालं. विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही. क्लासच्या मेन स्विचवर त्यांनी चिकटपट्टी लावली आहे. फोनवर "ठेवू?" असं तीनदा विचारतात आणि समोरचा दोनदा "हो" म्हणाला तरी ठेवत नाहीत. एकदा बँकेतल्या बाईंनी बोलता बोलता फोन ठेवला, तर या रिक्षा करून वाशीला गेल्या. "आपला बोलना झाला असा तुमी कसा ठरवला?" त्या बँकेतल्या बाईंनी चहा पाजला म्हणे.

तर आता माझी गोष्ट.

मी क्लासात मास्तर म्हणून लागून वर्ष व्हायचं होतं. आमच्याकडे तेव्हा टायपिंगच्या सरकारी परीक्षेचं केंद्र होतं. परीक्षेच्या आदल्या दुपारी बाईंनी मला सांगितलं, बाराही मशीनांवर ती बटणं बंद करून ठेवा. काम अवघड नव्हतं. एका फाइलीत दोन ओळी लिहायच्या, मशीन परत सुरू करायचं, तीन बटणं दाबून बघायचं. पण त्या संध्याकाळी खांदेश्वरला आमच्या सोसायटीत पार्किंगची सोडत होती, आणि हजर नसेल त्याचं नाव वगळणार होते. नऊ नंबरचं मशीन परत सुरू व्हायला फार वेळ लावायचं. मी ते सोडून दिलं.

"मास्तर, झाला का सगला?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"बाराचे बारा?"

"बाराचे बारा."

दुसऱ्या दिवशी नऊ नंबरवर सुनंदाताई बसल्या. पस्तिशीच्या. नवरा सरकारी नोकरीत असताना वारला, त्याच्या जागी यांना घेतलं होतं, पण ठरल्या मुदतीत मराठी टायपिंग पास व्हायची अट होती. दोनदा नापास झालेल्या. ही शेवटची संधी. आता नाही तर नोकरी जाणार, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आणि मग माफी मागितल्यासारख्या हसल्या होत्या.

उताऱ्यात 'वाङ्मय' आलं. ताईंनी कंट्रोल-ऑल्ट धरलं, भलतंच अक्षर उमटलं, उजवा हात बॅकस्पेसवर गेला. पडदा काळा झाला. मग चौकट आली.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "सर, मी काय केलं?"

"बघतो," मी म्हणालो. बघायचं काही नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

परीक्षेवर आलेले साहेब शांतपणे म्हणाले, "परीक्षार्थीनं चुकीची बटणं दाबली. आम्ही काय करणार?"

"दाबनारच ना," बाई म्हणाल्या. "तिला बटना दाबायलाच बसवलीय. ती बंद करायचा काम आमचा व्हता."

"तसं लिहून द्याल?"

"द्या कागद."

"बाई, विचार करा. असं लिहून दिलंत तर केंद्र जाईल तुमचं."

"जाऊ दे. केंद्राला काय घर चालवायचा नाय."

मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. कोणासाठी आणला होता ते आठवत नाही.

सुनंदाताईंना दुसऱ्या केंद्रावर पुन्हा बसू दिलं. त्या पास झाल्या. आज बेलापूरला कचेरीत आहेत. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येतात आणि मला म्हणतात, "सर, तुमच्यामुळे झालं." मी चकली घेतो. आमचं केंद्र गेलं ते गेलंच, आणि सकाळचं ते बटणं दाबून बघणं बाईंनी त्यानंतर सुरू केलं.

बाईंनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना वाटलं असेल की यंत्रच ते, राहिलं असेल काहीतरी. गेल्या महिन्यात केंद्रासाठी नव्यानं अर्ज करायचं ठरलं. जुनी फाइल माझ्यासमोर आली. त्यात त्या दिवशीच्या कागदाची प्रत होती, बाईंच्या गोल, एकेक अक्षर सुटं काढलेल्या हातची. 'नऊ नंबर मशीन बघायचे काम माझे होते. मी बघितले नाही. मास्तरांचा यात संबंध नाही.'

माझं नाव त्या दिवशी कोणी काढलंच नव्हतं.

जेवणाची वेळ होती. बाई वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात; दुपारी डबा घेऊन खाली येतात. मी साताऱ्याकडचा, मला मासा धड खाता येत नाही, म्हणून काटे काढून मासा माझ्या ताटात टाकतात. मी कागद हातात धरून म्हणालो, "बाई, हे…"

"जेवा आधी."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. काटा काढत राहिल्या. "तुमच्या आधी तीन मास्तर झालं. तिघं पन एक दिवस यायचं थांबलं. सांगितला नाय, काय नाय. तुमी पन गेला असता त मी वर चार भिंतींसंगं जेवली असती." मग वाटी माझ्याकडे सरकवली. "अर्ज आज जायला पायजे. साहेब पाचला हापिसातून उठतात."

मी अर्ज टाइप केला. एकही चूक झाली नाही.

बाईंचे आभार मला तोंडानं मानता आले नाहीत, ते इथे मानतो. सुनंदाताईंना मात्र, त्या दिवशी त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं, चुकलं ते माझ्या हातून, हे समोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.