चिलरसाठी पाडलेले भोक

मनुष्याच्या प्रगतीचा आरंभ चालू वस्तूला भोक पाडण्यापासून होतो. (पूर्ण विचारांती लिहिले आहे, तरी चूक असू शकेल.)

मलेशियात, पिनांगच्या आमच्या इमारतीत शेजारच्या खेंग हुईकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात विदूषक माशांची (क्लाउनफिश) जोडी राहते. एप्रिलात पाणी एकतीस अंशांवर गेले आणि मादी तळाशी आडवी पडून धापा टाकू लागली. दुकानात टाकीचे पाणी गार करणारा चिलर मिळतो. पण तयार वस्तू आणण्यात पुरुषाचे कर्तृत्व दिसत नाही. सबब खालच्या कॉफीच्या दुकानात तीन निवृत्त गृहस्थांची तांत्रिक समिती बसली. ठराव झाला: जुन्या फ्रीजला भोक पाडावे, आत नळीचे वेटोळे ठेवावे आणि त्यातून टाकीचे पाणी फिरवावे.

भोक पाडताच फस्स आवाज होऊन फ्रीजमधला सगळा वायू निघून गेला. समितीने हा अनुभव मौल्यवान ठरवला आणि स्वयंपाकघरातला फ्रीज मागवला. (पहिल्यात आता चपला ठेवतात. चपला उत्तम टिकतात.)

"आणि माझा नारळाचा जाम कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?" खेंग हुईची बायको बी गैक म्हणाली.

"अगं, ती मरतेय तिकडे!"

"मला डेंग्यू झाला तेव्हा समिती नाही बसली ती!"

जागेबाबत फेंगशुईवाल्याचा अभिप्राय घेण्यात आला. फ्रीजचे तोंड पूर्वजांच्या देव्हाऱ्याकडे नको, पाठ तर नकोच नको. उरली एकच सोय: पाठ टाकीला टेकवून. फ्रीजची पाठ तापते हे सर्वांना ठाऊक होते. पण पूर्वजांना उलट उत्तर कोण देणार? या वेळी भोक नीट पडले, आणि फ्रीज टाकीला नळीतून गार आणि काचेतून गरम करू लागला. तो क्षणभरही बंद पडत नसे, यावरून तो कार्यक्षम असल्याचा निष्कर्ष निघाला. पाणी तेहतीस अंशांवर गेले. मादी हलेना.

"फ्रीजला उकडतंय रे," एक सदस्य कळवळून म्हणाले.

सबब फ्रीजसाठी एसी बसवण्यात आला. पाणी सव्वीसवर आले, मादी उठली, नराला चावली. बी गैक हल्ली स्वेटर घालून नूडल्स खाते.

एसीचे बाहेरचे यंत्र माझ्या खिडकीशी आहे.

"अंकल, त्रास नाही ना होत?" खेंग हुईने विचारले.

"छे, छे," मी म्हणालो, आणि मीही एसी घेतला. त्याची गरम हवा पलीकडच्या बिऱ्हाडात जाते. वाईट वाटते, पण खिडकी बंद असली की कमी वाटते.

आपणही खिडकी लावून, गार हवेत हे वाचत असाल. अवश्य हसा. आपल्या शेजाऱ्याने अजून तक्रार केलेली नाही. तो बहुधा माझ्यासारखाच असावा.