अशी व्यक्ती नाही

माणसाचा अपमान न करता त्याला हाकलता येतं, यावर इंजिनियरचा ठाम विश्वास होता. घरबसल्या लोकांना किरकोळ कामं वाटणाऱ्या वेबसाइटचा एपीआय, म्हणजे संगणकांनी आपापसांत बोलायची भाषा, तोच लिहायचा. ब्लॉक केलेल्या कामगाराला त्या भाषेत काय म्हणायचं, यावर ऑफिसात मीटिंगांवर मीटिंगा झाल्या.

"काहीच म्हणायचं नाही!" तो म्हणाला. "कामगारांच्या यादीतच दाखवायचं नाही. कुणी विचारलंच तर उत्तर एकच: अशी व्यक्ती नाही. ना वाद, ना रडारड!"

टाळ्या पडल्या.

पहिली रडारड त्याच्याच घरात झाली. आई गेल्यापासून बाबा त्याच वेबसाइटवर काम करायचे. फोटोतला चेहरा आनंदी की दुःखी, एवढंच सांगायचं. जेवायला हाक मारली तर "थांब रे, या बाईंचं बघू दे आधी," म्हणायचे. दिवसभर त्यांना कुणीतरी काहीतरी विचारत होतं, हेच खूप होतं.

"अरे, तुझ्या कंपनीनं मला मारलं!" मोबाइल नाचवत ते सकाळीच त्याच्या खोलीत शिरले. पडद्यावर होतं: अशी व्यक्ती नाही.

"बाबा, तुम्ही फक्त ब्लॉक झालात."

"मग तसं लिहायला हात दुखतात का तुझे?"

ब्लॉक होण्याचं कारण उघड होतं. बाबांनी दिसेल तो चेहरा दुःखी ठरवला होता. नवरदेव दुःखी. लॉटरी लागलेला दुःखी. टूथपेस्टच्या जाहिरातीतली बाईसुद्धा दुःखी!

"अहो, बत्तीसच्या बत्तीस दात दिसतायत तिचे!"

"दातांचं काय घेऊन बसलास? डोळे बघ."

त्यानं बघितले. मग ऑफिसच्या मदत कक्षाला फोन लावला.

"सर, अशी व्यक्ती नाही," तिथल्या बाई म्हणाल्या.

"माझे वडील आहेत ते!"

"असतील, सर. आमच्याकडे नाहीत. नवीन खातं काढायला सांगा."

काढलं. उत्तर आलं: हा नंबर दुसऱ्या व्यक्तीचा आहे.

"कोण रे ही दुसरी?" बाबांनी विचारलं. "ती तरी आहे ना?"

इंजिनियर ऑफिसला पळाला. टाळ्या मिळवलेली ओळ स्वतःच्या हातानं खोडली आणि ब्लॉक झालेल्यांना यादीत परत आणून बसवलं. संध्याकाळी घरी आला, तर बाबा चष्मा पुसून पुन्हापुन्हा वाचत होते: आपण ब्लॉक आहात.

"आहात म्हणतंय," ते म्हणाले. "चला, आहे म्हणायचा मी! आता तेवढा ब्लॉक काढ."

त्यानं तोही काढला. बाबा ताठ बसले, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि वाट बघू लागले.

वेबसाइटवरचे चेहऱ्यांचे फोटो दुपारीच संपले होते.